पोर्टची माहिती सांगणारी स्क्रिप्ट रिकामं किंवा चुकीचं उत्तर देते तेव्हा काय तपासावं

लक्षणं

- पोर्टचा नंबर (मशीनवरच्या एखाद्या सेवेच्या दरवाज्याचा क्रमांक) दिला, एंटर दाबलं आणि काहीच आलं नाही. एररही नाही, उत्तरही नाही.
- ८० विचारलं तर पंधरा-वीस ओळी आल्या. त्यात ८०८० आहे, १०८० आहे आणि हवी ती ओळ मध्येच कुठेतरी.
- ओळ बरोबर आली, पण प्रोसेसचा (म्हणजे चालू प्रोग्रामचा) रकाना मोकळा.
- ५००० वर ‘कॉमप्लेक्स-मेन’ नावाची सेवा चालू आहे असं स्क्रिप्ट म्हणते. असं काही तुम्ही कधी बसवलेलंच नाही.
- स्क्रिप्ट म्हणते पोर्ट मोकळा आहे, तरी सर्व्हर सुरू करताना ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ येतं.
- हाताने चालवली की स्क्रिप्ट नीट उत्तर देते, क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) चालवली की लॉग रिकामा.
- स्क्रिप्टच्या मते सगळं चालू आहे, पण शेजारच्या टेबलावरच्या मशीनवरून पान उघडत नाही.

कॉलेजच्या लॅब, छोटी ऑफिसं, घरून काम करणारे मित्र, सगळीकडून माझ्याकडे याच तक्रारी येतात. स्क्रिप्ट प्रत्येकाची वेगळी असते. कुणाची सहा ओळींची बॅश, कुणाची पायथन, कुणाची पॉवरशेल. बिघाड मात्र बहुतेक वेळा खालच्यापैकीच एखादा निघतो. तपासण्या सोप्या आणि फुकटच्या आधी, किचकट नंतर अशा लावल्या आहेत. त्याच क्रमाने जा. कंटेनर (प्रोग्राम वेगळा बंदिस्त चालवायची सोय) आणि फायरवॉलमध्ये (जोडण्या अडवणारा पहारेकरी) तासभर शिरून शेवटी दोष टाइप केलेल्या आकड्यात सापडतो, असं होताना मी फार वेळा पाहिलंय.

त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ‘या पोर्टची माहिती दे’ या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. या नंबरला कागदोपत्री कोणतं नाव दिलेलं आहे? या मशीनवर आत्ता त्या नंबरवर कोण बसलंय? आणि बाहेरून तिथपर्यंत पोचता येतं का? सोसायटीच्या खालच्या बोर्डावर मालकाचं नाव असतं, आत भाडेकरू राहत असतो आणि वॉचमन वर सोडेल की नाही हे तिसरंच. बहुतेक स्क्रिप्ट यातल्या एका प्रश्नाचं उत्तर काढतात आणि दुसऱ्याचं म्हणून छापतात. पुढची प्रत्येक तपासणी करताना आपण यातला कोणता प्रश्न विचारतोय, हे लक्षात ठेवा.

१. टाइप केलेला आकडा आणि फाइलमधली अदृश्य अक्षरं

ही तपासणी सगळ्यात स्वस्त आहे आणि मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांनी ती कधीच सोडू नये. या लेखात आकडे आणि कमांडची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर दोन्ही इंग्रजीतच टाइप करायची. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि ८०८० देवनागरीत गेलं तर ग्रेपच्या (मजकूर शोधणारी कमांड) दृष्टीने ते वेगळंच अक्षर असतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक आकडा तीन बाइटांचा असतो, इंग्रजीचा एका बाइटाचा. त्यामुळे काही जुळत नाही आणि स्क्रिप्ट गप्प परत येते. पायथनमध्ये याच्या उलट घडतं. तिथे इंट हे फंक्शन देवनागरी आकडेही मुकाट्याने स्वीकारतं आणि बरोबर संख्या देतं. म्हणून अर्धी पायथन, अर्धी शेल अशी स्क्रिप्ट असेल तर पहिला भाग नीट चालतो, दुसरा रिकामा येतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

दुसरी अडचण कॉपी-पेस्टची. वर्डमध्ये किंवा आयफोनवर लिहिलेल्या कमांडमध्ये दोन हायफन जोडून एक लांब रेघ होते आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. डोळ्याला फरक जेमतेम दिसतो, शेलला मात्र तो ऑप्शन ओळखता येत नाही. शंका आली तर ती ओळ पुसून हाताने पुन्हा टाइप करा.

तिसरी, विंडोजवर सेव्ह केलेली फाइल. तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर असतं, कॅरेज रिटर्न. स्क्रिप्टच अशी सेव्ह झाली असेल तर ‘बॅड इंटरप्रीटर’ अशी एरर येते, म्हणजे निदान कळतं तरी. पण पोर्टची यादी वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये असेल तर एरर येत नाही, फक्त एकही नंबर जुळत नाही. लिनक्सवर कॅट कमांडला मोठ्या ए चा ऑप्शन देऊन फाइल पाहा. ओळीच्या शेवटी नुसतं डॉलरचं चिन्ह हवं. त्याआधी टोपीचं चिन्ह आणि एम दिसलं तर कॅरेज रिटर्न आहे. डॉस-टू-युनिक्स नावाच्या छोट्या प्रोग्रामने ते निघतं.

नंबर १ ते ६५५३५ च्या आत आहे ना, हेही बघून घ्या. पोर्टसाठी १६ बिट असतात, त्यामुळे यापुढचा नंबर अस्तित्वातच नसतो.

२. एरर गिळली जात नाहीये ना

बऱ्याच स्क्रिप्टमध्ये एररचे संदेश डेव्ह-नलमध्ये, म्हणजे टाकलेलं परत न देणाऱ्या कचरापेटीत, पाठवलेले असतात. छपाई सुबक दिसते, पण बिघाड झाला की हीच ओळ सगळं लपवते. ती तात्पुरती काढा आणि पुन्हा चालवा. निम्म्या वेळा लगेच ‘कमांड नॉट फाउंड’ दिसतं.

याचं नेहमीचं कारण म्हणजे नेटस्टॅट, जोडण्या आणि पोर्ट दाखवणारी जुनी कमांड. ही कमांड नेट-टूल्स या जुन्या पॅकेजात येते आणि आता अनेक लिनक्स वितरणांत ते पॅकेज आपोआप बसवलेलं नसतं. तिच्या जागी आयपी-रूट-टू पॅकेजातली एसएस ही कमांड आहे. जुनी स्क्रिप्ट चालावी म्हणून नेट-टूल्स बसवण्यापेक्षा स्क्रिप्टमध्ये एसएस घालावी असं माझं मत आहे. ती वेगवान आहे आणि पुढे दिसेल तसं पोर्टनुसार गाळण्याची सोय तिच्यात मुळातच आहे.

क्रॉनचं कोडंही इथेच सुटतं. क्रॉनला जो पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) मिळतो तो तुमच्या टर्मिनलपेक्षा खूप तोकडा असतो. त्यात एसबिन फोल्डर बहुधा नसतात आणि पोर्ट पाहणारी बरीच अवजारं नेमकी तिथेच असतात. मॅकवर एलसॉफ (कोणती प्रोसेस कोणता पोर्ट वापरते हे दाखवणारी कमांड) यूएसआरखालच्या एसबिनमध्येच असते. स्क्रिप्टमध्ये कमांडचा पूर्ण पत्ता लिहा, प्रश्न मिटला.

३. प्रोसेसचा रकाना मोकळा

सुडू (मुख्य युजर ‘रूट’च्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) लावून पुन्हा चालवा. साध्या युजरला फक्त स्वतःच्या प्रोसेसची माहिती दिसते. दुसऱ्याच्या किंवा रूटच्या प्रोसेसचा पोर्ट यादीत दिसतो, पण नाव येत नाही. म्हणजे तिथे कुणी नाही असं नव्हे, तुम्हाला पाहायची परवानगी नाही. विंडोजवर नेटस्टॅटला प्रोग्रामचं नाव दाखवणारा बी ऑप्शनही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीतच चालतो.

सुडू लावूनही रकाना मोकळाच राहिला तर घाबरून जाऊ नका. काही पोर्टवर प्रोसेस बसलेली नसते, खुद्द कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, ऐकत असतो. एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइल वाटणारी सेवा) २०४९ आणि वायरगार्ड या व्हीपीएनचा यूडीपी (आधी जोडणी न करता पाठवायची पद्धत; जोडणी करणारी ती टीसीपी) ५१८२० ही नेहमी भेटणारी उदाहरणं. तिथे नाव कधीच येणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

नाव आलं तरी ते अर्धवट असू शकतं, हेही इथेच सांगतो. लिनक्सचा कर्नल प्रोसेसच्या छोट्या नावाची फक्त १५ अक्षरं ठेवतो, एलसॉफ मुळात नऊच दाखवते. जावाचे पाच वेगवेगळे सर्व्हर असतील तर पाचही ठिकाणी नुसतं ‘जावा’ येतं. प्रोसेसचा नंबर घेऊन पीएस कमांडला एफ आणि पी हे ऑप्शन द्या, म्हणजे पूर्ण कमांड दिसते. लिनक्सवर नंबर १ आला तर सिस्टमडीने (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) तो पोर्ट दुसऱ्या सेवेच्या वतीने धरून ठेवलेला असू शकतो. सिस्टम-सीटीएलला लिस्ट-सॉकेट्स विचारा, मागची सेवा कळेल. विंडोजवर नंबर ४, म्हणजे ‘सिस्टम’, ८० वर बसलेला दिसला तर बहुधा एचटीटीपी डॉट सिस हा ड्रायव्हर असतो आणि त्याच्या मागे आयआयएससारखी सेवा. त्या नंबरला मारायचा प्रयत्न करू नका, मागची सेवा थांबवा.

४. नंबर जुळवायची पद्धत

सर्वाधिक चुकीची उत्तरं इथून येतात. तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठेही नुसतं ‘ग्रेप ८०’ असेल तर ती चुकणारच. ८०८०, १८०, ३८०१, प्रोसेसचा नंबर ४८०९, आयपी पत्त्यातला १८० हे सगळं त्यात बसतं.

त्याहून फसवा प्रकार एन ऑप्शनचा. एसएस, नेटस्टॅट या कमांड एन नसेल तर नंबराच्या जागी नाव छापतात. उबंटूवर ८०८० च्या जागी ‘एचटीटीपी-ऑल्ट’ येतं, ५४३२ च्या जागी ‘पोस्टग्रेसक्यूएल’. मग ग्रेपला नंबर सापडणार कुठून? पोर्ट चालू असतो आणि स्क्रिप्ट ‘नाही’ म्हणते. एलसॉफमध्ये याच कामाला मोठा पी लागतो. तिथला छोटा एन फक्त आयपी पत्त्यांवरून मशीनची नावं शोधणं बंद करतो, म्हणून दोन्ही द्या.

एल ऑप्शनही बघा. एसएसला तो दिला नाही तर ती चालू जोडण्या दाखवते, ऐकत बसलेले पोर्ट वगळते. आणि जोडण्यांच्या यादीत दोन पत्ते असतात, आपला आणि समोरचा. ब्राउझर कुठल्या तरी साइटच्या ४४३ ला जोडलेला असतो आणि स्क्रिप्ट सांगते, ‘या मशीनवर ४४३ चालू आहे’. तो पोर्ट समोरच्याचा असतो.

म्हणून गाळायचं काम ग्रेपला देऊच नका. एसएसला एल, टी, एन, पी हे चार ऑप्शन द्या आणि पुढे अवतरणात ‘एसपोर्ट’, बरोबरचं चिन्ह, कोलन आणि नंबर लिहा. एसपोर्ट म्हणजे आपल्या बाजूचा पोर्ट. ही एक ओळ बदलली की वरचे तिन्ही दोष एकदम जातात. एलसॉफमध्ये आय ऑप्शनला जोडून टीसीपी, कोलन, नंबर लिहा आणि स्थिती ‘लिसन’ मागा. पॉवरशेलमध्ये गेट-नेटटीसीपीकनेक्शनला लोकलपोर्ट आणि स्टेट द्या. विंडोजवर नेटस्टॅटच्या मजकुरात ‘लिसनिंग’ शब्द शोधणारी स्क्रिप्ट परदेशातल्या मित्रांना दिलीत तर आणखी एक अडचण येते: जर्मन विंडोजवर तिथे ‘आबहोरेन’ छापलं जातं आणि स्क्रिप्टला एकही पोर्ट सापडत नाही.

५. नावांचं कोष्टक

आता कागदोपत्री नावाचा प्रश्न. लिनक्स आणि मॅकवर ईटीसी फोल्डरमध्ये ‘सर्व्हिसेस’ नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. विंडोजवर तीच सिस्टम-३२ च्या आत ड्रायव्हर्स, त्याच्या आत ईटीसी इथे. स्क्रिप्ट नाव सांगते ते या फाइलमधून. फाइलमधली नावं येतात पोर्टच्या नंबरांची नोंद ठेवणाऱ्या आयएएनए या संस्थेच्या नोंदवहीतून. जॉन पोस्टेल यांनी ही यादी वर्षानुवर्षं सांभाळली आणि ती आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचं क्रमांकित कागदपत्र) म्हणून प्रसिद्ध होत असे. ऑक्टोबर १९९४ चा आरएफसी १७०० हा त्या मालिकेतला शेवटचा. २००२ मध्ये आरएफसी ३२३२ ने जाहीर केलं की यापुढे ऑनलाइन नोंदवहीच खरी. आजचे नियम २०११ च्या आरएफसी ६३३५ मध्ये आहेत: ० ते १०२३ सिस्टम पोर्ट, १०२४ ते ४९१५१ नोंदणीचे आणि ४९१५२ च्या पुढचे तात्पुरत्या वापराचे.

या इतिहासाचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. नोंदणी म्हणजे मक्तेदारी नव्हे. कुणीही कुठल्याही नंबरवर काहीही चालवू शकतं. ५००० या नंबरपुढे ‘कॉमप्लेक्स-मेन’ नोंदलेलं आहे, पण आज तुमच्या मशीनवर तिथे बहुधा फ्लास्क या पायथनच्या वेब-साधनाचा डेव्हलपमेंट सर्व्हर असेल, किंवा मॅक असेल तर एअरप्ले रिसीव्हर. २०२१ च्या मॉन्टेरेपासून मॅक स्वतः ५००० आणि ७००० घेतो आणि एलसॉफमध्ये ‘कंट्रोलसीई’ असं तुटलेलं नाव दिसतं. सेटिंगमध्ये एअरप्ले रिसीव्हर बंद केला की पोर्ट सुटतो. ९०९० पुढे ‘वेबएसएम’ लिहिलेलं असतं, चालू असतं कॉकपिट किंवा प्रोमिथियस यांसारखं सर्व्हरवर देखरेख ठेवणारं साधन. १५२१ वर एनक्यूब नावाचा लायसन्स मॅनेजर नोंदलेला आहे, प्रत्यक्षात तो जगभर ओरॅकल डेटाबेसचा पोर्ट म्हणून ओळखला जातो. असं अनोळखी नाव पाहून ‘व्हायरस शिरला’ म्हणून फोन करणारे मला नेहमी भेटतात. घाबरण्याआधी तिसरी तपासणी करा, बसलेली प्रोसेस कोण ते पाहा. नावावरून निदान करू नका.

फाइल सगळीकडे सारखी नसते हेही ध्यानात घ्या. डेबियन आणि उबंटूची फाइल छाटलेली, काहीशे ओळींची आहे. फेडोरा आणि रेड हॅटची दहा हजार ओळींच्या वर जाते. तीच स्क्रिप्ट एका मशीनवर नाव सांगते आणि दुसऱ्यावर रिकामी येते ती यामुळे. डेबियनच्या मूळ कंटेनर इमेजमध्ये तर ही फाइलच नसते, कारण ती नेटबेस या पॅकेजात येते आणि ते पॅकेज तिथे बसवलेलं नसतं. पॅकेज बसवा, नावं येतील.

शोधताना फाइल ग्रेप करण्यापेक्षा गेट-एंट कमांडला ‘सर्व्हिसेस’ आणि नंबर द्या. ती पूर्ण नंबर जुळवते, त्यामुळे ८० मागितल्यावर ८०८० येत नाही. मॅकवर गेट-एंट नसते. तिथे ऑक (मजकूर रकान्यांनुसार वाचणारी कमांड) वापरून दुसरा रकाना ‘८०/टीसीपी’ या पूर्ण मजकुराशी जुळवा.

‘टीसीपी’ जोडायला विसरू नका, कारण एकाच नंबरची दोन नावं असू शकतात. ५१४ टीसीपीवर ‘शेल’ आहे, म्हणजे जुनी रिमोट शेल, जी आज कुठेही चालू असू नये. ५१४ यूडीपीवर ‘सिसलॉग’ आहे, जो लॉग गोळा करणाऱ्या बऱ्याच सर्व्हरवर असतो. ५१३ वर टीसीपीला ‘लॉगिन’, यूडीपीला ‘हू’. प्रोटोकॉल न विचारणारी स्क्रिप्ट या दोघांत गल्लत करते आणि साध्या सिसलॉगवर धोक्याचा इशारा देते.

६. यूडीपी आणि आयपीव्ही६

फक्त टीसीपी पाहणारी स्क्रिप्ट डीएनएस, सिसलॉग, वायरगार्ड यांच्याबाबतीत आंधळी असते. आता वेबसाठीही हे लागू झालंय. एचटीटीपी-३ यूडीपीवरच्या क्विक या प्रोटोकॉलवर चालतं, त्यामुळे ४४३ दोन्हीकडे पाहावा लागतो. एसएसला यू ऑप्शन जोडा.

आयपीव्ही६ ची (नव्या, लांब आयपी पत्त्यांची) गंमत छपाईत आहे. दोन्ही प्रकारचे पत्ते स्वीकारणारा पोर्ट एसएस तारांकन, कोलन, नंबर असा दाखवते. तुमची स्क्रिप्ट चार शून्यांचा पत्ता शोधत असेल तर तिला तो दिसतच नाही. पत्त्यावरून जुळवायचं सोडा, वरचा एसपोर्ट वापरा.

७. जोडून पाहणारी स्क्रिप्ट प्रत्येक पोर्ट बंद सांगते

काही स्क्रिप्ट बॅशच्या डेव्ह-टीसीपी युक्तीने पोर्टला जोडून पाहतात. ही सोय खऱ्या फाइलची नाही, बॅशने स्वतः दिलेली आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशऐवजी एसएच लिहिलं असेल तर उबंटूवर ती डॅशमध्ये चालते. २००६ पासून तिथे एसएच म्हणजे डॅश आहे. डॅशला ही युक्ती माहीत नाही, म्हणून प्रत्येक पोर्ट ‘बंद’. पहिली ओळ बदला, किंवा एनसी कमांडला झेड आणि व्ही ऑप्शन देऊन तपासा.

उत्तर वाचताना एक फरक नीट करा, कारण पुढचा सगळा तपास त्यावर ठरतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं तर पाकीट (पाठवलेला डेटाचा तुकडा) मशीनपर्यंत पोचलं, पण त्या पत्त्यावर कुणी ऐकत नव्हतं किंवा फायरवॉलने स्पष्ट नकार दिला. बराच वेळ थांबून ‘टाइम्ड आउट’ आलं तर पाकीट वाटेत गिळलं गेलं, बहुधा फायरवॉलने. स्क्रिप्टने दोन्हीला ‘बंद’ म्हणणं हा तिचा दोष आहे. एनमॅप (बाहेरून पोर्ट तपासणारी कमांड) म्हणूनच ‘क्लोज्ड’ आणि ‘फिल्टर्ड’ वेगळे सांगते. तिचाही सेवेचा रकाना मात्र मुळात कोष्टकातूनच भरलेला असतो. एस आणि मोठा व्ही हा ऑप्शन दिला तरच ती प्रत्यक्ष बोलून सेवा ओळखायचा प्रयत्न करते.

८. पोर्ट मोकळा दिसतो, तरी ‘वापरात आहे’

इथून पुढे थोडा धीर लागतो. पहिल्यांदा एक मिनिट थांबा, शब्दशः. सर्व्हर बंद केल्यावर त्याच्या जुन्या जोडण्या लिनक्सवर ६० सेकंद ‘टाइम-वेट’ स्थितीत राहतात. ऐकणारं कुणी नसतं, म्हणून एल ऑप्शनमध्ये काही दिसत नाही. एल काढून ए दिला की त्या दिसतात. एका मिनिटाने सर्व्हर सुरू झाला तर कारण हेच होतं. कायमचा उपाय प्रोग्राममध्ये आहे, सॉकेटला रीयूज-ॲड्रेस ऑप्शन देणं.

कधीतरीच, बहुतेक रीस्टार्टनंतर, होणारा बिघाड असेल तर नंबर बघा. लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना ३२७६८ ते ६०९९९ मधला नंबर आपण होऊन देतो. तुमची सेवा ४०००० वर ठेवली असेल तर एखाद्या दिवशी ती उठायच्या आधीच दुसऱ्या प्रोग्रामच्या बाहेरच्या जोडणीला तो नंबर गेलेला असतो. सेवा ३२७६८ च्या खाली आणा. तसं करता येत नसेल तर कर्नलच्या ‘आयपी लोकल रिझर्व्ह्ड पोर्ट्स’ या सेटिंगमध्ये तो नंबर राखून ठेवा.

विंडोजवर एररचा क्रमांक वाचा. १००४८ म्हणजे खरंच कुणीतरी बसलंय. १००१३ म्हणजे परवानगी नाही, आणि हायपर-व्ही (आभासी मशीन चालवणारी विंडोजची सोय) किंवा डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) असलेल्या मशीनवर याचा अर्थ बहुधा असा की विंडोजने पोर्टचा एक पट्टाच स्वतःसाठी राखलाय. नेटस्टॅटमध्ये तो दिसत नाही. नेट-एसएच कमांडला इंटरफेस, आयपीव्ही४, शो, एक्सक्लूडेड-पोर्ट-रेंज विचारा. तुमचा नंबर त्या पट्ट्यात असेल तर दुसरा निवडा. रीस्टार्टनंतर पट्टे सरकू शकतात, म्हणून काल चालत होतं आणि आज नाही असं होतं.

कंटेनर असतील तर लक्षात घ्या, प्रत्येक कंटेनरचं नेटवर्क सहसा वेगळं असतं. आतल्या प्रोसेस बाहेरच्या मशीनवरच्या एसएसमध्ये येत नाहीत. बाहेर दिसला तर डॉकर-प्रॉक्सी दिसतो, तोही सेटिंगवर अवलंबून. डॉकर पीएस मधला पोर्टचा रकाना पाहा. आत डोकवायचं असेल तर एनएस-एंटरला कंटेनरच्या प्रोसेसचा नंबर आणि एन ऑप्शन देऊन त्यामागे एसएस चालवा.

९. चालू आहे, पण बाहेरून लागत नाही

एसएसच्या ओळीत नंबराच्या आधीचा पत्ता वाचा. १२७.०.०.१ असेल तर ती सेवा फक्त स्वतःच्याच मशीनशी बोलते. डेटाबेससाठी हे योग्य आहे, उगाच बदलू नका. सगळ्यांसाठी उघडी असूनही लागत नसेल तर मग फायरवॉल.

डॉकरबद्दल एक इशारा कळकळीने देतो. डॉकरने बाहेर काढलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातात. यूएफडब्ल्यूमध्ये ५४३२ बंद दिसतो, स्क्रिप्टही समाधानाने ‘बंद’ छापते, आणि डेटाबेस इंटरनेटवर उघडा असतो. पोर्ट बाहेर काढताना नंबराच्या आधी १२७.०.०.१ लिहा. आणि बाहेरून दिसतं का याची खात्री बाहेरच्याच जोडणीवरून करा, मोबाइलच्या डेटावरून केली तरी चालेल.

घरच्या ब्रॉडबँडवर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करूनही बाहेरून लागत नसेल तर राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सेवा पुरवठादाराच्या सामायिक पत्त्यामागे आहात. तुमच्या बाजूची कोणतीही स्क्रिप्ट किंवा सेटिंग यावर उपाय नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

सामायिक पत्ता निघाला तर पुरवठादाराकडे स्वतंत्र पत्ता मागा. ऑफिसच्या फायरवॉलपर्यंत माग गेला तर नेटवर्क सांभाळणाऱ्याला कळवा आणि सोबत तीन गोष्टी द्या: कोणत्या मशीनवरून कोणत्या मशीनच्या कोणत्या पोर्टला, टीसीपी की यूडीपी, आणि नकार आला की वेळ संपली. एवढं दिलं की त्यांचं काम खूप सोपं होतं. दुसऱ्याच्या नेटवर्कवर स्वतःहून एनमॅप फिरवू नका, लेखी परवानगी घ्या.

पोर्ट अडवून बसलेली प्रोसेस डेटाबेस असेल आणि मशीनवर लोकांचं खरं काम चालू असेल तर किल कमांडला नऊचा (सक्तीने बंद करणारा) सिग्नल देऊन ती उडवू नका. डेटाबेस सांभाळणाऱ्याला बोलवा, त्याला नीट बंद करू द्या.

आणि पुढचं काही दिसलं तर लगेच हात मागे घ्या. अनोळखी प्रोसेस टेम्प फोल्डरमधून चालतेय. तिची मूळ फाइल डिस्कवरून पुसलेली आहे. मारली की काही सेकंदांत दुसऱ्या नंबराने परत उठते. किंवा सुडूने चालवलेली एसएस आणि बाहेरून केलेली एनमॅप तपासणी यांची उत्तरं जुळत नाहीत आणि कंटेनर, फायरवॉल, राउटर यांपैकी कशानेही त्याचा उलगडा होत नाही. अशा मशीनवरच्या कमांडच बदललेल्या असू शकतात, मग तिथली कोणतीही स्क्रिप्ट खरं सांगेल याचा भरवसा नाही. मशीन बंद करू नका, फॉरमॅट करू नका, लॉग पुसू नका. फक्त नेटवर्कपासून तोडा आणि सुरक्षेचं काम जाणणाऱ्या माणसाला बोलवा. कंपनी किंवा संस्थेचं मशीन असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायची असते आणि लॉग १८० दिवसांचे जपून ठेवायचे असतात. म्हणून स्वतः आणखी खटपट करण्याआधी तो फोन करा.